उघड्या डोक्याची अक्षरं

आज सकाळी शेजारच्या गच्चीवरून चिकाचा वास आला. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो तो शिजवताना एक आंबूस-गोडसर वास सुटतो. ज्याच्या घरी कधी कुरडया झाल्या त्याला या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. मी खाटेवर पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. चैत लागला म्हणायचा. पलीकडे बायका जमल्या होत्या. सोऱ्या दाबताना कुरकुरत होता. "वो बाई, तुमचा चीक पातय झाला," असं एक म्हणाली आणि दुसरी तिला म्हणाली, "तुमची जीभ घट्ट आहे ना, ते पुरे." सगळ्या हसल्या. माझ्या गच्चीवर कबुतरांची घाण पडली आहे. झाडायला कोणी नाही आणि मीही झाडत नाही.

मागच्या चैतात आमच्या गच्चीवरही हसणं होतं. दिनेशची माय होती. दिनेशची माय म्हणजे माझी बायको. नाव वत्सला, पण उभ्या संसारात मी ते नाव दोनदा तोंडातून काढलं असेल. एकदा लग्नात लोकांनी घ्यायला लावलं तेव्हा, आणि एकदा दवाखान्यात चिठ्ठी काढताना.

दिनेश आमचा एकुलता एक. बुलढाण्याला शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथून कंपनीनं जपानला पाठवला आणि त्यानं तिथलीच मुलगी केली. तिचं नाव युकी. मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. का बोललो नाही हे आज विचाराल तर नीट सांगता येणार नाही. तेव्हा येत होतं. मग त्याला मुलगी झाली, हाना. दिनेशच्या मायनं मधे पडून बोलणं सुरू केलं, म्हणजे तिचं सुरू झालं. मी आपला "जेवला का, बरा आहे ना" एवढ्यावर राहिलो.

हानाला मराठी येत नाही. दिनेश म्हणतो, शिकवायला वेळ नाही. तिकडे शाळा आपल्या चैताच्या सुमारास सुरू होते. मागच्या वर्षी ती पहिलीत बसली आणि तिची अक्षरं सुरू झाली, तशी आमच्या घरीही सुरू झाली. तिकडच्या लहान लेकरांना आधी जी अक्षरं शिकवतात त्यांना हिरागाना म्हणतात. दिनेशच्या मायनं धामणगावच्या बाजारातून शंभर पानी वही आणली.

मी म्हटलं, "काय वं, म्हातारपनी जपानले जाऊन राह्यली का?"

"नातीशी बोलाले जपानले जा लागते काय?" ती म्हणाली. "तुमी तं धामनगावच्या बजारात जाऊनबी कोनाशी बोलत नाही."

तिकडे दुपारचे तीन वाजले की इकडे साडेअकरा असतात. हाना शाळेतून यायची, ही स्वयंपाक आटोपून फोन माठाला टेकवून ठेवायची आणि समोर मांडी घालून बसायची. बाहेर ऊन असं की कुत्रं सावलीतूनही उठत नाही. मी ओसरीवर दोर वळत बसलेला. आतून आवाज यायचा. अ, इ, उ, ए, ओ. एक बारीक, एक जाड. मग क, कि, कु, के, को. मी तिथूनच ओरडलो, "हे तं आपलीच बाराखडी चोरली त्याइनं!"

"चोरली नाही," आतून उत्तर आलं, "जराशी उसनी नेली. काना नाही, वेलांटी नाही. एका आवाजाले एक अक्षर. तुमच्यासारख्या चौथी पासालेबी जमन."

ती सातवी शिकलेली होती. हे ती चौथीचं मधूनमधून काढायचीच.

हानाला 'ल' म्हणता यायचा नाही. त्यांच्यात तो आवाजच नाही. वत्सलाचं ती वत्सरा करायची. दिनेशची माय म्हणायची, "म्हनू दे. आपल्याले तरी कुठं ळ म्हनता येते? डोळ्याले डोये म्हनतो आपन. तिची ल ची अडचन, आपली ळ ची. हिशोब बरोबर." आणि त्यांच्यातला एक आवाज मात्र हिला पहिल्याच दमात आला, तो ऐकून हानाची आईही टाळ्या वाजवायला लागली. वहीत तिनं त्या अक्षरापुढं लिहून ठेवलं होतं, "चु. चुन्यातला." दुसऱ्या एकापुढं, "फु. ओठ न लावता. चूल फुकतो तसा."

एक गोष्ट मात्र ती ऐकायची नाही. त्या अक्षरांना वरती रेघ नसते. आपली अक्षरं जशी एका काठीवर धुणं वाळत घातल्यासारखी रेघेला लटकतात, तशी ती लटकत नाहीत, सुटी सुटी उभी असतात. हिनं दर अक्षरावर रेघ ओढली. हाना फोनमधून दोन्ही हातांनी नको नको करायची, युकी हसायची. ही म्हणायची, "राहू दे वो. उघड्या डोक्यानं बरं दिसत नाही." ती स्वतः फोनसमोरही पदर पडू देत नव्हती. रेघ ओढली की अक्षर तिच्या घरातलं व्हायचं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. तेव्हा मला फक्त जेवायला उशीर होतो एवढंच दिसत होतं.

कुरडयांच्या दिवशी तिनं कमाल केली. भल्या सकाळी चीक शिजवला, शेजारणी आल्या, जुनं धोतर गच्चीवर पसरलं. सगळ्या जणी गोल गोल कुरडया घालत होत्या आणि ही सोऱ्या फिरवून अक्षरं घालत होती. 'नो' नावाचं एक अक्षर आहे, ते तर अर्धी राहिलेली कुरडईच. शेजारीण म्हणाली, "माय वो, हे काय वाकडं तिकडं?" ही म्हणाली, "जपान." साडेअकराला उन्हात उभं राहून तिनं फोन त्या धोतरावर फिरवला, आणि तिकडं ती पोरगी अशी किंचाळली की मला वाटलं पडली बिडली.

मी जिन्यात उभा होतो. फोन माझ्याकडं वळला तशी हाना ओरडली, "ओजीइचान!" म्हणजे आजोबा. एवढा एक शब्द मला माहीत झाला होता. मी खाली उतरून गोठ्यात गेलो. नेहमी असंच व्हायचं. माझं धोतर जरा दिसलं की ती हाक मारायची आणि मी गाईकडं निघायचो. दिनेशची माय म्हणायची, "अवो, या ना. पोरगी बलावते." मी म्हणायचो, "तुमचं चालू द्या." मला काय बोलावं ते सुचायचं नाही. लाज वाटायची. आणि लाज वाटली की मी रागावल्यासारखा दिसतो. लहानपणापासून तसं आहे. माझी आई म्हणायची, याला पोळी वाढली तरी वाटतं भांडायला बसला.

उन्हाळा गेला. पेरण्या झाल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिनेशची माय गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, बुलढाण्याला नेलं, दुपारपर्यंत संपलं. मी दिनेशला फोन लावायला सांगितला. तो तिकडून एकच म्हणत होता, "बाबा, दोन दिवस थांबा. मी निघालो. पेटी भेटते बरफाची, सांगून ठेवा." मी म्हटलं, नाही. संध्याकाळी तिला नेली. माझ्या भावाच्या पोरानं अग्नी दिला. दिनेश आला तेव्हा राखही सावडून झाली होती. तो एकटाच आला होता. घरात शिरला, खाट रिकामी पाहिली, आणि म्हणाला, "तोंड तरी पाहू द्याचं होतं." मी म्हटलं, "मयत ताटकळत ठेवत नाही." तेरवीपर्यंत राहिला. दहा-अकरा दिवसांत आम्ही दहा-अकराच वाक्यं बोललो असू.

तो गेल्यावर दसऱ्याच्या सुमारास पोस्टमन आला. पाकीट वत्सलाबाईंच्या नावानं. तिकडून ती असतानाच टाकलेलं, वाटेत कुठं कुठं रखडत आलेलं. वरचा पत्ता दिनेशच्या हातचा इंग्रजीतला, आत एकच कागद, पेन्सिलीनं लिहिलेला, सगळा हिरागानात. हानाचं आजीला पत्र.

माझा दोस्त सुखदेव रोज चहाला येतो. तो म्हणाला, "काय गा, त्यात काय एवढं? मोबाईलले दाखव, मोबाईल वाचून देते. नाहीतं पोराले फोटो धाड."

"नाही धाडत."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तिच्या नावचं आहे ते. पोराच्याबी नावचं नाही, मोबाईलच्याबी नावचं नाही."

"अन् तुह्या नावचं आहे काय?"

 तो चहा पिऊन गेला. मी कागद तिच्या पेटीत ठेवला, तिच्या वहीखाली. पण मनातून गेला नाही. कोणीतरी तिच्याशी बोलतंय आणि ती ऐकायला नाही, असं घरात सारखं वाटत राहायचं.

थंडीत हरभरा राखायला जायचो तेव्हा वही सोबत न्यायला लागलो. पाटाच्या ओल्या मातीत काडीनं एकेक अक्षर काढायचं, मोठ्यानं म्हणायचं, पायानं पुसायचं. या वयात डोक्यात बसायला वेळ लागलाच. 'नु' आणि 'मे' ही दोन अक्षरं दोन सख्ख्या भावांसारखी, एकाला हाक मारावी तर दुसरा ओ देतो. रात्री पाठ केलेलं सकाळी कोरं. पण वहीत तिच्या हाताचं मराठी होतं. "चुन्यातला" वाचलं की तिचा आवाज यायचा. ती माणसं कशी बोलतात ते मला ठाऊक नाही. माझ्या कानातलं जपानी दिनेशच्या मायचं आहे, चुलीपुढं बसून म्हटलेलं.

त्याच दिवसांत एकदा डबे धुंडाळताना तळाशी तिनं घातलेल्या कुरडयांपैकी एक सापडली. तळायला तेल कोण काढणार. निखाऱ्यावर भाजली आणि खाल्ली. ती कोणतं अक्षर होती, हे मला तेव्हा येत नव्हतं.

तिच्या पोथीचंही असंच असायचं. श्रावणात ती पोथी लावायची, मी भिंतीला टेकून ऐकायचो. अर्ध्या शब्दांचा अर्थ तिला लागत नव्हता, मला तर कशाचाच नाही. मी एकदा म्हटलं, "समजत नाही तं वाचते काऊन?" ती म्हणाली, "ज्याले आयकू जाते त्याले समजते." मी हसलो होतो. ती होती तोवर मी पुष्कळ गोष्टींना हसलो.

माघ संपता संपता वही पाठ झाली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठंही बोट ठेवा, मी आवाज काढून दाखवतो, अशी सुखदेवसमोर परीक्षाही दिली. तो म्हणाला, "आता तुह्यासाठी जपानचं इमान बोलवतो." मग मी हातपाय धुऊन पेटी उघडली, पत्र काढलं, चष्मा लावला. आणि एकही अक्षर ओळखू येईना.

दोन दिवस मी तो कागद उजेडात धरून पाहिला. वाटलं, ही अक्षरं वेगळीच आहेत. वाटलं, हिनं सगळं चुकीचं लिहून ठेवलं आणि मी मूर्खासारखं पाठ केलं. तिसऱ्या दिवशी अंगण झाडून दारात बसलो होतो, फड्याची एक काडी हातात होती, ती सहज एका ओळीवर आडवी पडली. आणि काडीखालून 'ना' माझ्याकडं पाहायला लागला. रोजचा माणूस एकदम टोपी काढून समोर आला की ओळखू येत नाही, तसं झालं होतं. रेघेचं ते भांडण मी विसरूनच गेलो होतो आणि ती अक्षरं तिच्या रेघेसकट शिकलो होतो. पोरीचं पत्र उघड्या डोक्याचं होतं.

मग रोज एक ओळ. वर काडी धरायची, खाली वाचायचं. कागदावर मी रेघ ओढली नाही. तेवढी अक्कल मला होती. तिसऱ्या ओळीत मी अडखळलो. ओ. जि. इ. चा. न.

ओजीइचान.

म्हणजे पत्रात मी होतो. पोरीनं आजीला माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं होतं. पुढचे आवाज सगळे काढता येत होते, अर्थ एकाचाही लागत नव्हता. दिनेशच्या मायनं वहीत शब्द थोडेच लिहिले होते. पाणी, भात, मांजर. हे त्यातलं काहीच नव्हतं. आठ दिवस मी ती ओळ तोंडानं घोळवत हिंडलो. गाईला ऐकवली, विहिरीवर म्हटली. आपल्याबद्दल कोणी काय बोललं ते आपल्याच तोंडातून निघतंय आणि आपल्यालाच कळत नाही, ही फार वाईट गोष्ट आहे. सुखदेव म्हणाला, "इच्यार आता पोराले." मी म्हटलं, "वाईट असलं तं?" तो म्हणाला, "तं वाईट. तू का लय चांगला आहे?"

मागच्या रविवारी साडेअकराला मी फोन लावला. रविवारी दिनेश घरी असतो. युकी दिसली, नेहमीसारखी वाकली. मी म्हटलं, "हाना." ती आत वळून काहीतरी बोलली. कोणी आलं नाही. मग दिनेश आला.

"बाबा, ते पोरगी नाही येत फोनवर. माय गेल्यापासून येतच नाही, सांगितलं ना तुमाले."

"नको येऊ दे. फोन टेबलावर ठेव अन् आवाज वाढव."

"काऊन?"

"ठेव म्हटलं ना बे."

त्यानं ठेवला. मी पत्र मांडीवर घेतलं, काडी धरली आणि वाचायला लागलो. शाळेत उभं करून वाचायला लावायचे तसा, एकेक अक्षर सुटं. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिकडं कसलाच आवाज नाही. तिसऱ्या ओळीला आलो. "ओजीइचान हा..."

"वा!" आतून आवाज आला.

मी थांबलो. पुन्हा म्हटलं, "हा."

"वा!" या वेळी जवळून. आजीची चूक दुरुस्त करायची सवय तिची गेली नव्हती. लिहायचं 'हा' आणि म्हणायचं 'वा', असं कुठं कुठं असतं म्हणे. मी म्हटलं, "वा." आणि पुढं वाचत गेलो. ओळ संपली तेव्हा ती फोनसमोर उभी होती. उंच झाली आहे. पुढचा एक दात नाही.

दिनेश मागे उभा होता. म्हणाला, "बाबा, हे कोनं वाचून देल्लं तुमाले?"

"मीच वाचलं."

"समजलं काय?"

"नाही. म्हनून तं लावला फोन. सांग काय लिवलं ते. गोड करून सांगू नको."

त्यानं हानाकडं पाहिलं. मग म्हणाला, "तिनं मायले इच्यारलं व्हतं. आजोबा माह्यावर रागावले काय? फोनवर येत नाही म्हनून."

एवढंच होतं. बाकी शाळेचं, मांजरीचं. पोरीनं हे विचारून पत्र टाकलं आणि जिला विचारलं ती मेली. उत्तर गेलंच नाही. सहा-सात महिने ती पोर समजून बसली होती की म्हातारा रागावलेला आहे, आणि आजी होती तोवर निदान मधे कोणीतरी होतं. दिनेशची माय गेल्यावर कधी दिनेशचा फोन आला की ती समोर का यायची नाही ते मला मागच्या रविवारी कळलं. तिकडं वाकून नमस्कार करणारी तिची आई दिसायची, मला वाटायचं पोरगी बापावर गेली, हट्टी आहे.

"'रागावलो नाही' याले काय म्हनते?" मी विचारलं.

"ओकोत्तेनाई."

मी म्हटलं, "ओकोत्तेनाई." मधल्या 'त्ते'वर जरा अडून म्हणावं लागतं, पहिल्यांदा जमलं नाही. तिनं म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं. ती माझ्या तोंडाकडं बारकाईनं पाहत राहिली आणि बापाला काहीतरी बोलली.

"ते म्हनते, मंग तोंड असं काऊन?"

"सांग तिले, तोंडच असं आहे. लग्नाच्या फोटोतबी असंच आहे. तुह्या आजीनं असंच पसंत केलं."

त्यानं सांगितलं. हाना हसली नाही. पण गेलीही नाही. बराच वेळ तशीच उभी राहिली, माझ्याकडं बघत, जसं काही गणित तपासावं. मग आईनं हाक मारली तशी आत गेली.

फोनवर दिनेश एकटा राहिला. त्याचे कानापाशी केस पांढरे झाले आहेत, ते मी आजवर पाहिले नव्हते. मी म्हटलं, "अन् तू?"

"मी काय?"

"तू रागावला आहे काय बे?"

मला वाटलं, सगळे म्हणतात तसं म्हणेल, नाही बाबा, तुमचं आपलं काहीतरीच. तो म्हणाला, "हाव. आहे."

"लय?"

"लय. दोन दिवस थांबाचं व्हतं तुमी."

याला द्यायला माझ्याकडं पुष्कळ उत्तरं होती. उकाडा होता, लोक म्हणत होते, आपल्यात तशी पद्धत नाही. ही सगळी मी गावाला सांगून झालो आहे. त्याच्यापुढं त्यातलं एकही तोंडातून निघेना. निघालं ते वेगळंच निघालं.

"माह्याच्यानं पाहावत नव्हतं बे तिच्याकडं," मी म्हटलं. "दोन दिवस घरात ती तशी, अन् मी तिथंच बसून... नसतं झालं माह्याच्यानं. मयत थांबत नाही म्हनून नेली नाही मी. मलेच भेव वाटलं म्हनून नेली."

हे मी कोणाला बोललो नव्हतो. सुखदेवलाही नाही.

 दिनेशनं फोन उताणा ठेवून दिला. मला त्याच्या घराचं छत दिसायला लागलं. पांढरं स्वच्छ छत आणि मधोमध एक गोल दिवा, दुपार असून लावलेला. त्याच्या नाकाचा आवाज येत होता. कधी मोठा, कधी बारीक. मी त्याला गप बस म्हटलं नाही. तोही बंद करून मोकळा होऊ शकला असता, त्यानं केला नाही. मीही केला नाही. आमच्याकडं ऊन ओसरीवर चढून पायाशी आलं, तरी मी ते छत पाहत बसलो होतो.